आबांचे कान आणि घरची पवनचक्की

मला मुळातच आवाज सहन होत नाही. लग्नाआधी कोऱ्हाळ्याला माहेरी असताना शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफटायला लागला की मी भरल्या ताटावरून उठून परसात जाऊन उभी राहायची. आई म्हणायची, हिला एखाद्या साधूच्या मठात द्यायला पाहिजे, तिथंच हिचं निभेल. दिली मात्र शेळगावच्या मळ्यात, आणि तीही अशा माणसाला की ज्यानं हात लावला तर मुकी वस्तूसुद्धा वाजायला लागावी. आमचे हे साखर कारखान्यात इलेक्ट्रिक खात्यात होते. घरातला रेडिओ, मिक्सर, कडबाकुट्टी, शिलाई मशीन, सगळं त्यांनी एकदा तरी उघडून परत बसवलेलं होतं, आणि दर वेळी एखादा स्क्रू उरायचाच. उरलेल्या स्क्रूंनी माझी लोणच्याची एक बरणी अडवून ठेवली होती.

आमची वस्ती गावापासून लांब, मळ्यात. पुढं स्लॅबची एक नवी खोली, मागं पत्र्याच्या दोन, आणि सगळ्यांच्या पुढं शहाबादी फरशीचा ओटा. तिन्ही बाजूंनी ऊस. विहीर उसाच्या पलीकडे, ओट्यावरून दिसायची नाही. नव्वद साल उलटून गेलं होतं, तरी लाईट आमच्याकडे पाहुण्यासारखी यायची आणि कधी जाणार ते विचारायची सोय नसायची. मोटारीची थ्री फेज लाईट तर वेळकाळ न बघता यायची. म्हणून सगळ्यांनी आपापल्या मोटारींना ऑटोस्विच बसवून ठेवले होते. लाईट आली की मोटार आपली आपण सुरू, पाणी उसाला चालू. सोय मोठी होती आणि धोकाही तेवढाच. तीनपैकी एखादी फेज आलीच नाही, तर मोटार फिरायची नाही, जागच्या जागी घुमत राहायची, तापायची आणि जळून जायची. कुणीतरी पळत जाऊन ती बंद करायला पाहिजे. पण पळायचं कधी, हे विहिरीवर मुक्काम ठोकल्याशिवाय कळणार कसं?

आमच्याकडे ते आबांना कळायचं.

आबा म्हणजे माझे सासरे. काचबिंदूनं त्यांची नजर मी लग्न होऊन येण्याआधीच गेली होती. माझं तोंड त्यांनी कधी पाहिलं नाही. पण मी रागात आहे की घाईत, हे माझ्या पावलांवरून त्यांना बसल्या जागी कळायचं, आणि मग ते लेकाला हळूच म्हणायचे, "आज जरा दमानं घे." दिवसभर ओट्यावर घोंगडी टाकून ते ऐकत बसायचे. ऐकणं हेच त्यांचं काम होतं आणि ते कामासारखंच करायचे. मधे कुणी बडबडलं तर हात वर करून गप्प करायचे. उसापलीकडे मोटार उठली की आमच्या कुणाच्या ध्यानात यायच्या आधी ते म्हणायचे, "लाईट आली." मग जरा थांबून, मान तिरकी करून, "नीट उठली." नाहीतर एकदम काठी आपटून, "घुमतीया! पळा, एक फेज न्हाय!" मग जो हाताशी असेल तो उसाच्या सरीतून पळत सुटायचा. मी स्वतः पिठाच्या हातानं पळालेली आहे.

विहिरीतल्या पाईपाच्या झडपेनं, फुटव्हॉल्व्हनं, पाणी सोडलं आणि मोटार कोरडी चालली, तरी ते सांगायचे. बांधापलीकडचे तात्या, म्हणजे आमचे चुलत सासरे, येता-जाता ओट्याशी थांबून विचारायचे, "आबा, आमची चालतीया का?" आणि आबा आमच्या मोटारीच्या आवाजाखालून त्यांच्या मोटारीचा आवाज वेगळा काढून सांगायचे. तेव्हा त्यांच्या तोंडावर जे यायचं ते मला फार आवडायचं. आंधळा म्हातारा म्हणून कुणी हाताला धरलेलं त्यांना खपत नसे. मोटारीचं विचारलं की मात्र ताठ बसायचे.

अशा घरात ह्यांनी पवनचक्की आणली.

बारामतीला शेतकी प्रदर्शन भरलं होतं, तिथं ह्यांनी लहानशी पवनचक्की बघितली. घरी आले ते धड जेवेनात, धड बोलेनात. चुलीपुढच्या राखेत बोटानं कसलीशी चित्रं काढत बसले. मी ओळखलं, आता आपलं काही खरं नाही. त्यानंतर प्रत्येक सुट्टीला ते बारामतीच्या भंगारवाल्यांकडे जात राहिले. ट्रकचा जुना डायनॅमो आला, सायकलची चेन आणि फ्रीव्हील आलं, बोअरचे पाईप आले, ट्रॅक्टरची बॅटरी आली. सागाच्या फळ्या ओट्यावर आडव्या टाकून, रंधा मारून मारून ह्यांनी तीन पाती केली. भुसा आबांच्या धोतरावर उडत राहायचा. आबा विचारायचे, "ह्येचं काय हुनार म्हनलास?" हे सांगायचे, "वाऱ्यावर दिवा लागनार, आबा. लाईट गेली तरी आपल्या घरात उजेड." आबा म्हणायचे, "बरं हाय." उजेडाशी त्यांचा काही संबंध नव्हता, पण पोराचं काहीतरी चाललंय एवढं त्यांना पुरायचं.

अक्षय्य तृतीयेला चक्की उभी केली. स्लॅबच्या खोलीची भिंत सगळ्यात उंच, म्हणून पाईप त्याच भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी आवळला. ह्यांच्या मते त्यामुळे पाया खणायचं काम वाचलं. नारळ फोडला, हळदीकुंकू लावलं. तात्या वर बघत म्हणाले, "पार रस्त्यावरनं दिसतीया. नजर लागंल. बिब्बा बांध." आमच्याकडे नवी वस्तू म्हटली की बिब्बा आलाच, मग तो ट्रॅक्टर असो की पाळणा. ह्यांनी शिडी लावून काळ्या दोऱ्यात एक बिब्बा आणि बैलाच्या पायाची जुनी नाल ओवली आणि एका पात्याला मध्यावर घट्ट आवळून टाकली.

संध्याकाळी वारा सुटला, पाती फिरली आणि स्वयंपाकघरात बारीकसा पिवळा दिवा लागला. सगळ्या शिवारात अंधार आणि आमच्या चुलीपुढं उजेड. खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी ह्यांचा अभिमान वाटला. वस्तीवरच्या बायका बघायला आल्या, आणि मी मुद्दाम त्यांना लवकर जाऊ दिलं नाही.

अभिमान मृगापर्यंत टिकला.

मृगाच्या तोंडावर पश्चिमेचा वारा सुरू झाला. आमच्याकडे पाऊस कमी पडतो, पण वारा कुठं जायचं नाव घेत नाही. आधी नुसतं घूं घूं होतं. मग त्यात चेनची खरखर मिसळली. मग कुठून तरी शिट्टी, आणि सगळ्याच्या खाली एक धप्, धप्, धप्. पाईप भिंतीला आवळलेला, त्यामुळे भिंतच घुमायची. मांडणीवरच्या ताटल्या एकमेकींना लागून किणकिणायच्या. तांब्यातलं पाणी थरथरायचं. उशी भिंतीपासून लांब ओढली तर आवाज जमिनीतून यायचा. मी घरभर हिंडायला लागले. एका जागी बसले की दात आवळले जायचे. भाकरी तव्यावर टाकून मी ओट्यावर जायची, ओट्यावरून गोठ्यात, गोठ्यातून परत, तोवर भाकरीचा कोळसा झालेला असायचा. पोरांवर खेकसायची, म्हशीवर खेकसायची. ह्यांना सांगितलं तर म्हणायचे, "हुईल सवय." कारखान्यातल्या यंत्रांच्या गडगडाटात दिवस काढणारा माणूस, त्यांना आमच्या घरातला आवाज अंगाईसारखाच वाटत असणार.

कळस गावचा एक बागाईतदार चक्की बघायला आला होता. ह्यांनी त्याला अर्धा तास सगळं समजावून सांगितलं. तो डोळे बारीक करून ऐकत होता. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "वैनी, ते काय बोललं त्यातलं मला काय बी ऐकाय आलं न्हाय." मी हसले, पण मला ह्यांचा एवढा राग आला होता की त्यांच्या चहात साखर टाकली नाही.

आबा मात्र काही म्हणाले नाहीत. फक्त त्यांची जागा बदलायला लागली. ओट्याच्या या टोकाचे त्या टोकाला सरकले. मग उलट्या बाजूला तोंड करून बसले. मग हाताचा द्रोण करून कानामागे धरायला लागले. जेवायला बोलावलं तर "आं?" म्हणायचे. मग मी ओरडायची. चक्कीवरचा राग माझ्या आवाजात उतरायचा आणि आबांना वाटायचं मी त्यांच्यावरच चिडले. एकदा ते मला म्हणाले, "लाईट आली का गं?" लाईट आली का, हे आबांनी दुसऱ्या कुणाला विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. 

आषाढात एका दुपारी वारा असा होता की अंगणातलं सूप उडून उसात गेलं. मी ते शोधायला आत शिरले आणि मला वास आला, जळक्या वार्निशाचा. तशीच धावत विहिरीवर गेले. मोटार नुसती घुमत होती आणि तिच्यातून धूर निघत होता. मी स्टार्टरचं लाल बटण दाबलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

परत आले तेव्हा आबा ओट्यावर होते आणि त्यांच्या डोक्यावर चक्की गरगरत होती. मी म्हटलं, "आबा, मोटार जळली." त्यांनी काठी जवळ ओढली. "कवा आली लाईट?" मला कुठं माहीत होतं? "मला ऐकूच आलं न्हाय," ते म्हणाले. त्यांना कुणी दोष देत नव्हतं, तरी ते परत परत तेच सांगत राहिले. ह्यांना सांगितलं, पोरांना सांगितलं. संध्याकाळी तात्या मोटारीची चौकशी करून गेले, पण जाताना "आमची चालतीया का" हे काही त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आबांनी घोंगडी गुंडाळली आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत नेऊन अंथरली. "भाईर वारं लई हाय," म्हणाले.

मोटार इंदापूरला नव्या तारेनं भरायला दिली. ती भरून येईल हे मला माहीत होतं. आबा परत ओट्यावर येतील का, हे माहीत नव्हतं. हे कामावरून आले तशी मी दारातच उभी राहिले.

"चक्की खाली घ्या," मी म्हटलं. "न्हायतर तिचा आवाज बंद करा. मला उजेड नगं. त्या मानसाचं डोळं तर गेल्यातच, आता कानबी तुमच्या भिंगरीनं न्हेलं. आबांना मोटार ऐकू आली पायजे. बास."

हे मागच्या खोलीत डोकावून आले. आबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. ह्यांनी बाहेर येऊन चहासुद्धा न घेता शिडी काढली आणि वर चढले. "दिवाळीपतूर आबा वट्यावर बसत्याल," वरूनच म्हणाले. चक्की खाली घेतो म्हणाले नाहीत. हट्टी माणूस.

मग आम्ही दोघं आवाजाच्या मागं लागलो. पहिल्यांदा चेनला ग्रीस चोपडलं. खरखर गेली आणि बाकीचे आवाज जास्तच स्पष्ट झाले. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "तुझं कशानंच समाधान हुयाचं न्हाय." त्यानंतर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बॅटरी भरली की हे तार काढून ठेवायचे, आणि तार काढली की चक्की जू काढलेल्या खोंडासारखी उधळायची. शिट्टी तेव्हाच फुटायची. घरात दिवे चालू असले, की ओझं ओढत असल्यासारखी जरा दमानं फिरायची. मी सांगितलं तेव्हा आधी "छट्" झालं, मग विचार करून झाला, आणि मग ते मान्य झालं, तेही स्वतःलाच सुचल्यासारखं. तेव्हापासून भर दुपारी आमच्या घरात सगळे दिवे चालू. तात्या दारातून डोकावून म्हणाले, "सूनबाई, काय दिवं लावलं गं तुझ्या मालकानं!" मी म्हटलं, "बघा की, ते बी भर उन्हात." तात्या पोट धरून हसले. मला हसू येईना. शिट्टी गेली होती, घूं घूं तशीच होती. मी मागच्या खोलीत जाऊन विचारलं, "आबा, आता?" आबांनी मान हलवली. "जरा कमी वाटतंय." पण घोंगडी हलली नाही.

मग ट्रकच्या टायरचे तुकडे कापून पाईप आणि भिंत यांच्यामध्ये घातले. ताटल्या गप्प झाल्या, भिंत झाली नाही. शेवटी ह्यांनी कबूल केलं की चक्की घराला लावली हेच चुकलं. पाईप भिंतीवरून काढला आणि गोठ्याच्या पलीकडे, बांधाच्या कडेला खड्डा खणून काँक्रीटमध्ये उभा केला. चारी बाजूंना तारांचे ताण दिले. वायर लांबल्यामुळे दिवा मिणमिणायला लागला, पण भिंत गप्प झाली. मी तिला कान लावून उभी राहिले. नुसती गार भिंत. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी ताणाच्या तारा रडायला लागल्या. असल्या चिरक्या आवाजात, की म्हैस पान्हा चोरायला लागली. ह्यांनी तारांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधले, मी जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. लांबून आमचा खांब नवसाच्या झाडासारखा दिसायचा. येणारा-जाणारा विचारायचा, हितं कुठला देव बसवला? तारा गप्प झाल्या तर पाईपातून शिट्टी. ह्यांनी पट्ट्या बसवताना पाईपाला जागोजागी भोकं पाडून ठेवली होती, त्यांतून वारा वाजायचा. ती भोकं डांबरानं बुजवली आणि पाईपात वरून वाळू ओतली. टिचकी मारली की पाईप आधी टण् वाजायचा, तो आता ठप् वाजायला लागला. मी येता-जाता टिचकी मारून बघायची.

श्रावणात माहेरी गेले, म्हटलं, जरा कानांना आराम मिळेल. कुठला आराम! कोऱ्हाळ्याला सगळं शांत होतं आणि मी अंथरुणावर उठून बसत होते. आता काय वाजतंय, आता काय वाजतंय, हाच नाद. एक आवाज मिटवला की त्याच्याखाली दडलेला दुसरा वर यायचा, हे मी इतक्यांदा बघितलं होतं की शांततेवर माझा विश्वासच उरला नव्हता. आईनं विचारलं, तुला बरं नाही का? मी ठरल्या दिवसाच्या आधीच एसटी पकडून परत आले.

आता फक्त धप् धप् राहिली होती. हे पाती खाली काढायचे, कडा काचपेपरनं घासून पातळ करायचे, तराजूला लावून वजन बघायचे. तिन्ही सारखी. परत चढवली की परत धप् धप्. बेअरिंग बदललं, तरी तेच. नवी पाती करायची म्हणून सागाची फळीसुद्धा आणून ठेवली. एका संध्याकाळी वारा पडत होता आणि मी खाली उभी राहून वर बघत होते. चक्की हळूहळू थांबायची, आणि दर वेळी एकच पातं खाली येऊन थांबायचं. काळ्या दोऱ्याचं.

"अहो," मी म्हटलं, "तो बिब्बा."

हे वर बघतच राहिले. वजन करताना ते बिब्बा आणि नाल आधी सोडून बाजूला ठेवायचे, आणि वजन झालं की आठवणीनं परत बांधायचे. इलेक्ट्रिक खात्यातला माणूस, आणि दर वेळी हेच केलेलं! "मग काढून टाका की," मी म्हटलं. ह्यांना ते मुळीच पटलं नाही. "काढून कसं चालंल? आन् नजर लागली म्हंजी?" शेवटी ह्यांनी आणखी दोन बिब्बे आणले, आणखी दोन नाली शोधल्या, तराजूत घालून, घासून सारख्या केल्या आणि तिन्ही पात्यांना एकेक बांधली. धप् धप् गेली. साऱ्या तालुक्यात नजरेपासून एवढा बंदोबस्त दुसऱ्या कुठल्या यंत्राचा नसेल.

नवरात्रापर्यंत आवाज एवढा उतरला, की खांबाशी जाऊन उभं राहिलं तर उसाच्या पाल्यातून वारा जावा तशी सळसळ तेवढी ऐकू यायची. ओट्यावर तीही नाही. मोटार भरून आली होती. मी आबांना सांगायला गेले. त्यांनी हात धरू दिला नाही, पण घोंगडी स्वतःच गुंडाळली. बाहेर येऊन जुन्या जागी बसले, काठी मांडीवर घेतली, मान तिरकी केली. आम्ही दोघं दारात उभे, शाळेचा निकाल लागायचा असल्यासारखे.

"कसं वाटतंय?" ह्यांनी विचारलं.

"लई फरक हाय," आबा म्हणाले. "पर अजून हाय थोडी. घूं घूं."

ह्यांचा चेहरा उतरला आणि ते परत शिडीकडे गेले.

मग रोज तेच. आबा रोज ओट्यावर येऊन बसायचे आणि रोज म्हणायचे, अजून हाय थोडी. हे कामावरून आले की पाना घेऊन खांबाकडे. मी डोळे मिटून, श्वास धरून ऐकायची, मला काही सापडायचं नाही. मला वाटायचं, आबांचे कान आपल्यासारखे नाहीत, आपल्याला येत नाही ते त्यांना येतं. इतकी वर्षं तसंच तर होतं. मग आम्ही दोघं पुन्हा त्या खांबाभोवती फिरायचो, हा नट आवळ, ती चिंधी घट्ट कर. माझी चिडचिड वाढली होती, कारण आता ज्याच्यावर चिडायचं तो आवाजच मला सापडत नव्हता. आणि आबा अजूनही मला विचारायचे, "लाईट आली का गं?"

दसरा झाला आणि वारा पडला. ऊन मी म्हणत होतं, उसाचं पान हलत नव्हतं. ह्यांची सुट्टी होती. ते ओट्याच्या पायरीवर बसून रॉकेलच्या डब्यात एक बेअरिंग धूत होते, मी ज्वारी निवडत होते, आबा त्यांच्या जागी. उसापलीकडे मोटार उठली. तिन्ही फेजवर, स्वच्छ, शेजारच्या खोलीत असल्यासारखी. माझा हात सुपातच थांबला. कितीतरी महिन्यांत मी ती अशी ऐकली नव्हती. मी आनंदानं आबांकडे बघितलं, आता म्हणतील, नीट उठली.

आबांनी मान तिरकी केली. कपाळाला आठ्या घातल्या. हात वर करून आम्हाला गप्प केलं. आम्ही गप्पच होतो.

"बाळा," ते ह्यांना म्हणाले, "जरा येळ ती चक्की बंद कर. मोटार उठली का न्हाय, ते बघू दे मला."

मी गोठ्यापलीकडे बघितलं. चक्की बंदच होती. वारा नव्हताच. तिन्ही पाती जागच्या जागी उभी होती आणि वरच्या पात्यावर एक साळुंकी बसून चोचीनं पंख साफ करत होती.

ह्यांच्या हातातलं बेअरिंग डब्यात पडलं.  मला एकेक करून सगळं आठवत गेलं, तो कानामागचा द्रोण, ते "आं?", ते रोजचं "अजून हाय थोडी". आवाज आबांच्या कानातच होता, आणि आम्ही पाईपात वाळू ओतत बसलो होतो. 

"हां, आबा," हे म्हणाले. उठले, शिडी घेतली आणि थांबलेल्या चक्कीला नेऊन लावली. साळुंकी उडाली. वर चढून त्यांनी पाती दोरीनं खांबाला बांधली, नीट, गाठीवर गाठ मारून. ते वर असतानाच मोटार बंद पडली. लाईट गेली होती. सगळं शिवार गप्प झालं.

हे खाली आले. ओट्याजवळ येऊन मोठ्यानं म्हणाले, "बांधली, आबा. आता?"

आबांनी तोंड विहिरीच्या बाजूला केलं. बराच वेळ ऐकलं. मग ताठ बसले.

"व्हय," म्हणाले. "आता कसं! चालतीया झकास."

हे पायरीवर बसले. "व्हय, आबा," म्हणाले, "लई झकास." आणि रॉकेलच्या डब्यात हात घालून बेअरिंग शोधायला लागले. मला हुंदका आवरेना. आबांना ऐकू जाईल म्हणून मी पदर तोंडात कोंबला, आणि मग लक्षात आलं, की त्याची आता गरज नाही. मी सूप बाजूला ठेवलं, चपला घातल्या आणि उसाच्या सरीतून विहिरीकडे निघाले. लाईट परत आली की मोटार नीट उठते का, ते कुणीतरी ऐकायला पाहिजे होतं.